सात नंबरचा डबा

"शिजवल्यावर भाजीत उरतं काय? नुसता रंग!" जेवणाच्या सुट्टीत सफरचंद कापता कापता केमिस्ट रोज ऐकवायचा. अन्नतपासणीच्या प्रयोगशाळेत बारा वर्षं काढलेल्या माणसाशी वाद कोण घालणार? त्यात शिजवलेला भोपळा आणि ताजं सफरचंद यांच्या तुलनेचं काम नेमकं त्याच्याकडे आलं. भोपळा सरस ठरला तर सगळ्यांसमोर तो खाईन, असा शब्दच त्याने प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमना देऊन टाकला.

घरी मात्र त्याची दातखीळ बसायची. तीन आठवड्यांपूर्वी सासूबाई राहायला आल्या होत्या. जावयासाठी त्या रोज सकाळी भोपळ्याची भाजी करत आणि संध्याकाळी रिकामा डबा पाहून हरखून जात. तो डबा वॉचमन रिकामा करतो, हे सांगायची केमिस्टची छाती नव्हती.

सोमवारी वॉचमन रजेवर गेला. भरलेला डबा घरी न्यायची सोय नाही, म्हणून केमिस्टने तो नमुन्यांच्या फ्रिजमध्ये सरकवला. 'येथे जेवणाचे डबे ठेवू नयेत' ही पाटी त्यानेच लावली होती. घरच्या डब्यांवर प्रयोगशाळेतल्यासारखे नंबर चिकटवायची हौसही त्याचीच. हा होता सात नंबरचा.

बुधवारी आकडे आले. अ जीवनसत्त्वात सफरचंद भोपळ्याच्या जवळपासही नव्हतं. आणि भोपळ्यातलं लोह? मॅडमनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.

"मशीन बिघडलंय," केमिस्ट म्हणाला. मशीन साफ केलं. आकडा तोच. तिसऱ्यांदाही तोच. सगळी प्रयोगशाळा पडद्यासमोर गोळा झाली. केमिस्टच्याही अंगावर काटा आला. भोपळ्यासमोर हात जोडावेत असं त्याला आयुष्यात पहिल्यांदाच वाटलं.

"उरलेला नमुना आणा," मॅडम हळूच म्हणाल्या.

मदतनीस बाईंनी फ्रिज उघडला. भोपळ्याचा सात नंबरचा नमुना सीलबंद, जसाच्या तसा!

"मग आपण तपासलं काय?"

बाईंनी धुऊन ठेवलेला स्टीलचा डबा पुढे केला. त्यावरही सात. झाकणावरचा पोचा केमिस्टने लगेच ओळखला.

"तो... माझा आहे."

त्याने अडवायच्या आत मॅडमनी त्याच्या घरी फोन लावला. अर्ध्या तासात सासूबाई हजर, त्या दिवशीच्या भाजीसकट काळी कुळकुळीत लोखंडी कढई घेऊन.

"यातच करते. टोमॅटो घालायचा आणि तासभर झाकून ठेवायची. एवढंच."

"टोमॅटोच्या आंबटपणाने कढईचं लोह भाजीत उतरलं!" मॅडमनी कढईला दोन्ही हात लावले. "आजी, धन्य आहात!"

"ते असू दे. पण जावईबापूंची भाजी मशीनकडे गेली कशी?"

खुर्ची घेऊन आलेला वॉचमन भाबडेपणाने म्हणाला, "मी नव्हतो ना सोमवारी! एरवी मीच खातो, आजी. काय चव आहे हो तुमच्या हाताला!"

सासूबाईंनी वॉचमनकडे पाहिलं, मशीनकडे पाहिलं आणि शेवटी जावयाकडे. केमिस्टला धरणी दुभंगेल तर बरं असं झालं.

"शब्द दिला होता तुम्ही," मॅडमनी आठवण करून दिली.

त्याने डोळे मिटून एक घास घेतला. मग डोळे उघडले. दुसरा घेतला. तिसऱ्याला त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. तीन आठवडे आपण काय सोडून देत होतो, हे त्याला कोणत्याही मशीनशिवाय कळलं.

"आई, उद्या डब्यात जरा जास्त..."

"उद्या तुम्हाला सफरचंद," सासूबाई वॉचमनच्या हातात कढई देत म्हणाल्या. "भाजी यांना."