इद्रीसबाबांचा सत्कार

"हॉल मंडळाचा आहे, तेव्हा दोन शब्द मी बोलणारच," मराठी मंडळाचे अध्यक्ष सूर्यकांतकाका फोनवर विभावरीला म्हणाले. काकांचे दोन शब्द अमिरातीतल्या अख्ख्या अल ऐनला माहीत होते.

विद्यापीठात तिच्याबरोबर शिकवणाऱ्या रुकय्याने त्या फेब्रुवारीत कृष्णवर्णीयांच्या इतिहासाची एक संध्याकाळ ठरवली होती. तिचे वडील, इद्रीसबाबा, नायजेरियाहून आले होते. ढोल वाजवत आपल्या गावाचा इतिहास गाऊन सांगायचा, हे त्यांच्या घराण्याचं पिढ्यान्‌पिढ्यांचं काम. कार्यक्रमाच्या दुसऱ्याच दिवशी ते परत निघणार होते आणि रुकय्याला जागा मिळत नव्हती. म्हणून मंडळाने घेऊन ठेवलेला शाळेचा हॉल विभावरीनेच तिला मिळवून दिला होता.

"काका, कार्यक्रम त्यांचा आहे."

"म्हणून तर स्वागत करायचं. स्वागत म्हटलं की दीपप्रज्वलन आलं. दीपप्रज्वलन म्हटलं की प्रमुख पाहुणे आले. आणि पाहुण्यांना शाल-श्रीफळ नको? आपल्यात पद्धत आहे."

"पण बाबांना ढोल वाजवायचाय."

"वाजवू देत की. सत्कार झाल्यावर."

कार्यक्रमाच्या संध्याकाळी समई पंख्याच्या वाऱ्याने दोनदा विझली, तेव्हा पंखे बंद झाले. घाम पुसत काकांनी प्रास्ताविक केलं. मग इद्रीसबाबांचा सत्कार झाला. त्यांच्या मुलीला वगळणं बरं दिसेना, म्हणून रुकय्याचा झाला. सत्कार करणाऱ्यांचा सत्कार राहिला, हे शाली पांघरणाऱ्या मनोरमाताईंच्या लक्षात आलं, म्हणून मनोरमाताईंचा झाला. शाली संपल्या, तेव्हा विभावरीच्या नवऱ्याने, राजनने, इद्रीसबाबांच्या खांद्यावरची शाल अलगद उतरवून पुढच्या सत्कारमूर्तीसाठी दिली. बाबांना वाटलं, इथली रीतच अशी असेल. पुढच्या सत्काराला त्यांनी नारळही स्वतःहून परत केला.

"आई, व्हेन विल द ड्रम स्टार्ट?" मांडीवरच्या आभाने विचारलं.

"इन्शाल्ला, आता लगेच," विभावरी म्हणाली. आभा वाट बघत बघत झोपून गेली.

काकांनी पुन्हा माइक घेतला होता. "आफ्रिकेच्या इतिहासाशी आमचं जुनं नातं आहे. माझे मेहुणे नैरोबीला दुकान टाकणार होते." दुकान शेवटी का टाकलं नाही, इथवर इतिहास आला, आणि हॉल सांभाळणाऱ्या हारुनने माइकची वायर काढली.

"खलास, साब. टाइम हो गया."

"अरे, ढोल राहिलाय," विभावरी पुढे झाली. "हारुनभाई, बस थोडा टाइम."

"हॉल बंद, मॅडम. बाहर का मुझे मालूम नहीं."

रुकय्याने वडिलांकडे बघितलं. बाबा मात्र उठले, ढोल काखेत मारला आणि बाहेर पार्किंगमध्ये जाऊन पायरीवर बसले. सामोसे घेऊन निघालेली मंडळी, पहिली थाप पडली तशी गाड्यांच्या किल्ल्या हातात धरून तिथेच उभी राहिली. शब्द कुणालाच कळत नव्हते, पण हलावंसं वाटेना. विभावरीच्या खांद्यावर झोपलेल्या आभाचा पाय झोपेतच ठेका धरू लागला. विभावरीने तो पाय थांबवला नाही.

मध्येच गाण्यात "सूर्यकांत" ऐकू आलं. मग पुन्हा. रुकय्याने हसू दाबायला ओढणी तोंडाला लावली.

गाणं संपताच काका तिच्यापाशी आले. "माझं नाव घेतलं ना त्यांनी? काय म्हणाले?"

रुकय्याने जरा विचार केला. "म्हणाले, वाळवंटात सूर्यकांत नावाचा एक सरदार भेटला. तो पाहुण्यांचा एवढा मान करायचा, एवढा मान करायचा, की पाहुण्यांना बोलायला वेळच उरायचा नाही."

"सरदार म्हणाले?"

"हो."

काका आणखी जवळ सरकले. "आणि हे ते गावी जाऊन गाणार?"

"दर सणाला. त्यांच्यानंतर माझा भाऊ गाईल, मग त्याची मुलं."

काकांनी चष्मा पुसला आणि विभावरीला बाजूला घेतलं.

"त्यांना म्हणावं, आडनाव राहिलंय. आणि पुढे 'अध्यक्ष, मराठी मंडळ' एवढं घाला. पिढ्यान्‌पिढ्या गाणार आहेत, उगाच दुसऱ्याच कुणा सूर्यकांतला श्रेय जायला नको."