आधी कागद, मग शिडी

ओरिन हाल्वरसन सत्तावीस वर्षांचा. मरणाबिरणाचा विचार त्याच्या मनाला कधी शिवला नव्हता. पण त्या गुरुवारी छपरावरचा बर्फ ओढताना त्याचा पाय सटकला आणि गडी थेट खाली आला. खाली बर्फाचाच ढीग होता म्हणून निभावलं, फक्त टोपी गेली. (ती एप्रिलात सापडली.)

मार्नीने नवऱ्याच्या अंगावरचा बर्फ झटकला, त्याला कॉफी पाजली आणि शिडी लपवून ठेवली.

"आधी मृत्युपत्र कर. मग शिडी."

"अगं, ती म्हाताऱ्यांची कामं! माझ्याकडे आहे काय?"

"जूनी आहे." जूनी म्हणजे त्यांची दीड वर्षांची पोर. "उद्या आपण दोघंही नसलो तर ती कुणाकडे जायची? माझ्या बहिणीकडे, का तुझ्या त्या भावाकडे, जो कुत्र्याच्या ताटलीत नाश्ता करतो?"

तेवढ्यात जूनीच्या पाळण्यावरचं छप्पर कर्रकन वाजलं. वर अजून हातभर बर्फ होता. मार्नीने पाळणा स्वयंपाकघरात ओढला, पण शिडी काही दिली नाही.

ओरिनने वाचनालयातून छापील कागद आणला. पहिल्याच ओळीत जूनीला मावशीच्या हवाली केलं. तिथेच थांबला असता तर बरं होतं. पण खाली कोऱ्या ओळी दिसल्या, आणि ओरिनचं मन पडलं मोठं. तळ्यावरची मासे धरायची झोपडी शेजारच्या हार्लनला, करवत पास्टरना, असं वाटत वाटत गावात कुणी म्हणून सोडलं नाही. स्वतःच्याच चांगुलपणाने त्याला दोनदा भरून आलं.

रविवारी प्रार्थनेनंतर चर्चच्या तळघरात सगळे कॉफी पीत होते. मार्नीने कागदाची शेवटची ओळ वाचली. "दोन साक्षीदार हवेत. ज्यांना यातलं काहीही मिळणार नाही, असे."

ओरिनने चौफेर पाहिलं. असा एकही माणूस दिसेना.

"हार्लनदादा, तुमचं नाव खोडतो. सही करता?"

"खोडतोस? तू रांगत होतास तेव्हापासूनचा शेजारी मी! झोपडी माझी. पास्टरना खोड."

पास्टर म्हणाले, "आधी शांत मनाने विचार करू या," आणि केकच्या टेबलाकडे सरकले.

कोपऱ्यात व्हर्नाकाकू आणि त्यांची बहीण विणत बसल्या होत्या. "मला रे काय ठेवलंयस?" काकूंनी विचारलं.

"काकू, भिंतीवरचं हरणाचं मुंडकं."

"खोड."

"आणि तुमच्या बहिणीला माझा अ‍ॅकॉर्डियन. मी रोज वाजवतो तो."

"ऐकतो ना आम्ही रोज," बहीण म्हणाली. "पेन आण लवकर."

दोन नावं खोडली, दोन सह्या झाल्या. मार्नीने कागदाची घडी घातली, हळूच डोळे पुसले आणि शिडी काढून दिली.

दुपारी ओरिन छपरावर चढला. शिडी धरायला हार्लनदादा आपणहून आले होते. ओरिनला फार बरं वाटलं.

"पोरा," ते खालून मायेने म्हणाले, "कडेचा बर्फ राहिला बघ. सरक पुढे. आणखी थोडा."