तेल थिजलंय

जानूकाकांच्या डोक्यावर एक केस नाही. तरी त्यांच्या बांधावरच्या उंबराला सगळा हिवाळा खोबरेल तेलाची काचेची बाटली टांगलेली असते. सकाळी तोंडही न धुता काका तिथं जातात, बाटली उलटी धरतात, एक डोळा मिटून बघतात. तेल हललं नाही की बाटली परत फांदीला. गावात कुणी विचारावं, "काका, भेंडी कधी टोकायची?" उत्तर ठरलेलं. "तेलाला विचार."

आमच्या वैशाखरे गावात भात निघालं की लोक विहिरीच्या पाण्यावर भेंडी, काकडी करतात. पण माळशेजचा वारा खाली उतरतोय तोवर बी नुसतं मातीत पडून कुजतं. म्हणून थंडी कधी गेली हे कळायला हवं, आणि ते काकांना तेल सांगतं. नेहमी खरं सांगतं असं नाही. एके वर्षी दुकानदारानं भेसळीचं तेल दिलं, ते थिजायलाच तयार नाही. काकांनी भर थंडीत बी टोकलं. एक कोंब वर आला नाही. तरी तेलाला त्यांनी बोल लावला नाही. "थंडीनं फसवलं," एवढंच म्हणाले.

मी पाण्याच्या प्रश्नावर घरोघर पत्रकं वाटते. आमच्या डोंगरावरचा पाऊस धरणात, धरणातलं पाणी शहरात, आणि शिमगा आला की आमच्या विहिरीत खरवडून भरायचं. हे चिडून सांगायचं नाही तर कसं सांगायचं? काका पत्रक नीट वाचतात, बोटांनी चोळून बघतात. "कागद जाड हाय गो. बी बांधून ठेवायला बरा."

त्यांच्या मळ्याचा एक रिवाज आहे. पहिली ओळ घरच्या बाईच्या हातची. काका पुढं काठीनं भोकं पाडत जायचे, काकी मागून बी टाकून पायानं माती लोटायची. काकी गेल्यावर ते काम त्यांच्या लेकीकडं, सुमनकडं आलं. सुमन माझ्या वर्गातली. आता भिवंडीकडं एका गोदामात खोकी बांधते. तेल सुटलं, पातळ झालं की काका तिला फोन करायचे, ती यायची, पहिली ओळ टोकायची, बापाच्या हातची भाकर खाऊन परत जायची.

यंदा गोदामवाल्यानं रजाच बंद केल्या. माल तुंबलाय म्हणे. बापाच्या शेतात एक ओळ टोकायला माणसानं हात जोडायचे, आणि तरी नाहीच मिळायचं! पत्रकात मी याखाली दोन रेघा मारल्या असत्या.

पळस फुलला. लोकांनी गोधड्या धुऊन माळ्यावर टाकल्या. शेजारच्या वावरात भेंडीला पानं फुटली. काकांची जमीन नांगरलेली, उघडी.

"काका, विहीर खाली चाललीय. आता उशीर केलात तर भेंडी धरायच्या आत पाणी संपेल."

"तेलाला विचार."

"काय म्हणतं तेल?"

"थिजलंय."

"मी टोकते पहिली ओळ. मीही गावचीच ना?"

"तू पत्रकं वाटतेस तसं बी वाटशील. ज्याला नको त्याला पण." हसले, आणि मग लगेच दुसरीकडं बघायला लागले.

परवा सकाळी त्यांच्याकडं गेले. चालून घामाघूम झाले होते. उंबराची फांदी रिकामी होती. काका ओट्यावर फोन घेऊन बसलेले. "पाणी पिते हं," म्हणून मी आत गेले, माठात ओगराळं घातलं, आणि ते काचेवर आपटलं.

माठाच्या तळाशी, गार पाण्यात, ती बाटली होती.

मी वळले तर काका दारात. रागावतील असं वाटलं. ते खाली बघत म्हणाले, "तिच्याशी खोटं बोलवत नाय मला."

तेवढ्यात त्यांच्या हातातला फोन वाजला. काका फोन नेहमी मोठ्या आवाजावर ठेवतात. सुमनचा आवाज घरभर झाला. "बाबा, तेल सुटलं का?"

काकांनी माठात हात घालून बाटली काढली. उलटी धरली. एक डोळा मिटून बघितलं.

"नाय गो. थिजलंय अजून."

"इथं पंखा लावून झोपतोय आमी, बाबा."

"माळशेजचा वारा येगळा. तू घाई नको करू. रजा मिळंल तवा ये. थंडी हाय अजून."

सुमन म्हणाली, "बरं. थंडी गेली की सांगा."

फोन बंद झाला. काकांच्या तळहाताच्या उबेनं बाटलीच्या कडेचं तेल सुटायला लागलं होतं. त्यांनी ती घाईघाईनं परत माठात सोडली आणि वर झाकण ठेवलं.