करी रोडच्या पुलाइतका उतार

सोमवारी सकाळी अनुजा मॅडमनी हर्षवर्धन गमरेच्या टेबलावर एक नकाशा उलगडला. नकाशा स्वित्झर्लंडमधल्या एका डोंगराचा होता. निळ्या, लाल आणि काळ्या रेघा शिखरावरून खाली सुटल्या होत्या आणि प्रत्येक रेघ म्हणजे बर्फावरून घसरत उतरायची एक वाट होती.

"चौसष्ट रन्स आहेत," मॅडम म्हणाल्या. "आपले पॅसेंजर साठीच्या पुढचे. त्यांना स्कीइंग करायचंय, पण घाबरतात. त्यांना झेपतील अशा जेंटल रन्स शोध आणि शुक्रवारपर्यंत माहितीपत्रक लिहून दे."

लोअर परळच्या त्या पर्यटन कंपनीत हर्षवर्धन नऊ वर्षं मराठी माहितीपत्रकं लिहीत होता. या काळात त्याने नायगारा, पिरॅमिड आणि उत्तर ध्रुवाचा प्रकाश यांची वर्णनं केली होती आणि वाचून लोक खरोखर तिथे गेले होते. त्याचा स्वतःचा पासपोर्ट मात्र कोराच होता. बर्फ त्याने पाहिला होता तो मासळीबाजारात, पापलेटांच्या खाली. दुरून डोंगर साजरे म्हणतात, ते त्याच्या नोकरीचं ब्रीदवाक्य व्हायला हरकत नव्हती.

त्यातून त्याला उंचीची भीती होती. वरळीची बीडीडी चाळ पाडून टॉवर झाले आणि गमरे कुटुंबाला एकविसाव्या मजल्यावर घर मिळालं, त्याला वर्ष होत आलं होतं. एवढ्या काळात हर्षवर्धनने बाल्कनीत पाऊल ठेवलं नव्हतं. त्याचे वडील दौलत यांची खुर्चीही बाल्कनीकडे पाठ करून असे. वाऱ्याने कान दुखतात, असं ते सांगत. कपडे वाळत घालायला आई, मालन, एकटी जात असे.

हर्षवर्धनने डोंगरावरच्या कार्यालयात फोन लावला. तिथल्या बाईंनी सगळ्या निळ्या वाटा सोप्या आहेत, आपली चार वर्षांची मुलगी त्यावरून रोज उतरते, असं हसून सांगितलं. हर्षवर्धनचा विश्वास बसला नाही. ज्यांना गणित येतं तेच गणित सोपं असतं म्हणतात, हे तो तिसरीपासून ऐकत आला होता. त्यांनी पाठवलेल्या उताराच्या टक्केवारीवरूनही त्याला काही बोध होईना.

संध्याकाळी तो नकाशा घेऊन जेवणाच्या टेबलापाशी बसला, तेव्हा दौलतनी चष्मा लावून त्या रेघा निरखल्या. ब्याऐंशीच्या संपात गिरणी सुटल्यावर त्यांनी सहा वर्षं हातगाडी ओढली होती. गिरणगावातला प्रत्येक चढ आणि उतार त्यांच्या टाचांना पाठ होता. करी रोडच्या पुलावरून कापडाच्या गाठी लादलेली गाडी खाली आणणं म्हणजे काय, हे त्यांनी पूर्वीही पुष्कळदा सांगितलं होतं. त्या दिवशी मात्र मुलाने पहिल्यांदाच वही उघडून ऐकलं.

"उतार किती ते नको विचारू," दौलत म्हणाले. "खाली काय हाय ते विचार. खाली सपाट असंल तर कसला पण उतार उतरता येतो. खाली नाका असंल तर साधा पूल पण जीव घेतो."

"आणि उतरायचं कसं, बाबा?"

"सरळ नाय जायचं. आडवं जायचं. या कडेपासून त्या कडेला, मग परत या कडेला. गुडघे वाकलेले पायजेत. गाडी आपल्याला नेते असं वाटलं की थांबायचं."

दुसऱ्या दिवशी सकाळी बापलेक करी रोड, चिंचपोकळी आणि भायखळा असे तीन पूल चालून आले. हर्षवर्धन मोबाइल जमिनीला टेकवून उतार मोजत होता आणि दौलत तो पायाने पडताळून पाहत होते. मग त्याने डोंगरावरच्या बाईंना नवा प्रश्न पाठवला, प्रत्येक वाटेच्या खाली काय आहे. हा प्रश्न त्यांना आजवर कुणी विचारला नव्हता. त्यांनी दोन दिवस खपून उत्तर दिलं. चौसष्टपैकी तीनच वाटा रुंद सपाट मैदानात संपत होत्या आणि त्यांतल्या एकीच्या टोकाला कॉफीची टपरी होती.

हर्षवर्धनने लिहिलं, 'ही वाट करी रोडच्या पुलावरून लालबागकडे उतरावं तशी आहे, थोडी लांब. खाली सपाट आहे. नाका नाही, सिग्नल नाही. उतरून आलात की समोर गरम पेय मिळतं.' मॅडमना मजकूर फार आवडला. त्यांनी त्यावर स्वतःची एकच ओळ घातली, 'आमच्या तज्ज्ञाने स्वतः पायाखाली घातलेले उतार.'

"मॅडम, मी पूल पायाखाली घातलेत," हर्षवर्धन म्हणाला.

"उतारच ना ते? मग झालं," मॅडम म्हणाल्या आणि पत्रक छापायला गेलं.

आठवड्याभरात बावीस जणांनी नावं नोंदवली. दादर, गिरगाव आणि परळ इथल्या या मंडळींना आजवर कुठल्याच कंपनीने त्यांच्या ओळखीचा उतार दाखवला नव्हता. दादरच्या निवृत्त मुख्याध्यापिका मीनाक्षी कोरगावकर थेट ऑफिसात आल्या आणि त्यांनी तज्ज्ञाला समोर बसवून उलटतपासणी घेतली. या उतारांवर तुम्ही किती वेळा पडलात, असं त्यांनी विचारलं.

"एकदाही नाही," हर्षवर्धन म्हणाला. हे शंभर टक्के खरं होतं.

"मग तुम्ही बरोबर यायचं. तुम्ही नसाल तर आम्ही बावीसही जण येत नाही."

मॅडमनी केबिनच्या काचेतून हर्षवर्धनकडे जी नजर टाकली, तिचा अर्थ नऊ वर्षांच्या नोकरीत तो शिकला होता. आता तोंड उघडलं तर बावीस जण नावं मागे घेतील, पत्रक खोटं ठरेल आणि ते ज्याने लिहिलं त्याची नोकरी राहणार नाही. न उघडलं तर डोंगर. त्याने डोंगर पत्करला, कारण डोंगराला अजून दीड महिना होता.

पण कोरगावकर बाई पूर्वतयारीशिवाय परीक्षेला बसणाऱ्यांतल्या नव्हत्या. सराव करायचा, आणि पुलाइतका उतार आहे तर पुलावरच करायचा, असं त्यांनी ठरवलं. रविवारी सकाळी साडेसहाला बावीस ज्येष्ठ नागरिक स्वेटर घालून करी रोडच्या पुलावर हजर झाले. हर्षवर्धनला शिकवण्यासारखं काहीच येत नव्हतं. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार? म्हणून त्याने वडिलांना आणलं आणि आपले जुने प्रशिक्षक अशी त्यांची ओळख करून दिली.

दौलतनी सगळ्यांना फुटपाथवर एका ओळीत उभं केलं, गुडघे वाकवायला लावले आणि आडवं चालायला लावलं. बावीस माणसं खेकड्यासारखी या कडेपासून त्या कडेला सरकत लालबागच्या दिशेने उतरू लागली. भाजी घेऊन निघालेली एक बाई थांबून बघत राहिली. टॅक्सीवाल्याने हा कसला मोर्चा म्हणून विचारलं. शेवटी एक हवालदार आला.

"काय चाललंय काका? परमिशन हाय का?"

"बर्फावरून उतरायची प्रॅक्टिस हाय," दौलत म्हणाले.

हवालदाराने पुलाकडे पाहिलं, आभाळाकडे पाहिलं आणि पुढच्या रविवारी जरा लवकर आटपा म्हणून सांगितलं. असे सहा रविवार झाले. शेवटच्या रविवारी मंडळी इतक्या सफाईने आडवी उतरत होती की हवालदारच त्यांच्यासाठी टॅक्सी थांबवत होता. हर्षवर्धन मात्र दर वेळी हजेरी घ्यायच्या निमित्ताने एका जागी उभा राही.

डोंगरावर पहिले दोन दिवस तिथल्या प्रशिक्षकाने सपाटीवर सगळ्यांना स्की बांधून चालवलं. हर्षवर्धननेही धीर करून त्या बांधल्या आणि दोन दिवसांत सहाच वेळा पडला. मी मुद्दाम पडतो, कसं उठायचं ते दाखवायला, असं त्याने सांगितलं. कोरगावकर बाईंनी ते वहीत टिपून घेतलं.

तिसऱ्या दिवशी मंडळी खऱ्या उताराकडे निघाली आणि तेव्हा हर्षवर्धनच्या लक्षात आलं की आपला एक प्रश्न विचारायचा राहून गेलाय. खाली काय आहे ते त्याने विचारलं होतं. वर कसं जायचं हे विचारलं नव्हतं. पुलावर माणूस आपल्या पायांनी चढतो, हे त्याने इथेही गृहीत धरलं होतं. इथे एका तारेला खुर्च्या लटकत होत्या. न थांबता येत होत्या आणि माणसं उचलून दरीवरून वर नेत होत्या.

बावीसही जण पाळण्यात बसावं तसे बसून गेले. हर्षवर्धन कोरगावकर बाईंच्या शेजारी बसला आणि त्याने डोळे मिटून त्यांचा हात घट्ट धरला. अर्ध्या वाटेवर बाईंनी हळूच विचारलं, "तुम्ही तज्ज्ञ ना?"

"उतरण्यातला, बाई," तो म्हणाला.

वर पोचल्यावर बावीस जणांनी पुलावरच्यासारखी ओळ धरली, गुडघे वाकवले आणि या कडेपासून त्या कडेला करत एकेक जण खाली गेला. कुणी पडलं नाही. हर्षवर्धन तिथेच उभा राहिला. खुर्चीवाल्याला त्याने खुणेने विचारलं की याच खुर्चीतून परत जाता येईल का. खाली फक्त जखमींना नेतो, असं त्याने सांगितलं. हर्षवर्धनने स्वतःला नीट तपासलं, पण दुर्दैवाने कुठे काही लागलेलं नव्हतं. मग त्याने घरी फोन लावला. मुंबईत दुपारचे साडेतीन झाले होते.

"बाबा, मी वर अडकलोय. मला उतरता येत नाय."

दौलतनी पलीकडून विचारलं, "खाली काय हाय?"

"सपाट हाय. कॉफीची टपरी हाय. कोरगावकर बाई हात हलवतायत."

"मग ये की."

त्याला रडू आलं. फोन खिशात टाकून तो निघाला. ज्या वाटेला बाकीच्यांना दहा मिनिटं लागली, तिला त्याने पन्नास मिनिटं घेतली. एक चिमुरडी त्याच्या शेजारून तीनदा उतरून गेली. कडेला पोचला की तो थांबायचा, खाली सपाट आहे याची खात्री करून घ्यायचा आणि मग दुसऱ्या कडेकडे निघायचा. खाली कोरगावकर बाई बाकीच्यांना समजावत होत्या की ज्याला खरं येतं तो घाई करत नसतो. प्रशिक्षकाने त्यांना विचारलं की तुमची ही मंडळी आधी कुठल्या डोंगरावर शिकली, तेव्हा त्यांनी करी रोड असं सांगितलं आणि त्यानेही ते लिहून घेतलं.

हर्षवर्धन परतला तेव्हा त्याची नोकरी शाबूत होती आणि मॅडमच्या टेबलावर बावीस सह्यांचं पत्र होतं. पुढच्या वर्षीच्या सहलीला जुन्या प्रशिक्षकांनाच न्यावं, अशी त्यात मागणी होती. मॅडमनी ती तिथल्या तिथे मान्य केली. त्याने घरी येऊन ही बातमी सांगितली आणि वडील उठून मिठी मारतील म्हणून वाट पाहिली. दौलत बाल्कनीकडे पाठ करून बसले होते. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला.

"वर जायला काय हाय?" त्यांनी विचारलं.

हर्षवर्धनने खुर्ची सांगितली. तार सांगितली. खालची दरी सांगताना त्याने आवाज कमी केला, पण ती ऐकू गेलीच. दौलत कानाला मफलर गुंडाळत म्हणाले की तिकडं वारा फार असणार, कान दुखतील. हर्षवर्धनने त्यांच्या खुर्चीकडे पाहिलं, तिच्या पाठीमागच्या बाल्कनीकडे पाहिलं आणि आपली भीती कुणाकडून आली ते त्याला वर्षभराने कळलं. खाण तशी माती. त्याला वडील एकदम फार जवळचे वाटले.

बाल्कनीत मालन कठड्यावरून कमरेपर्यंत बाहेर वाकून पलीकडच्या दोरीवर चादर टाकत होती. तिने चादरीला चिमटे लावले, रिकामी बादली उचलली आणि आत आली.

"पासपोर्टला किती दिवस लागतात रे?" तिने विचारलं.