खिल्लारेचं अधिवेशन

बाजाराच्या दिवशी आमच्या यष्टीत पाय ठेवायला जागा नसायची, आणि एक अख्खी सीट मोकळी असायची. तिच्यावर रंगानं लिहिलेलं होतं, 'आमदारांसाठी राखीव'. आता हे सगळ्याच गाड्यांत लिहिलेलं असतं, आणि आमदार नसला तर तिथं कुणीही बसावं हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पण आमचा कंडक्टर खिल्लारे तिथं कुणाला टेकू देईल तर शपथ! माणसं दांडीला लोंबकळतायत आणि हा बाबा त्या सीटवरची धूळ फडक्यानं पुसतोय.

"अरे, आमदार कधी यष्टीनं आला का?" मी आरशात बघून ओरडायचो.

"आला आन जागा नसली तर? तेवढंच निमित्त भेटंल त्याला जीपनं हिंडायला!"

एखादी पोटुशी बाई चढली की मात्र तो हळूच तिला तिथं बसवायचा. "बसा बाई, आमदाराच्या वतीनं बसा," म्हणायचा. ती बिचारी बावरून अर्ध्याच सीटवर बसायची.

मी राठोड, ड्रायव्हर. खिल्लारे आणि मी कळमनुरी ते जवळा बाजार या रस्त्यावर इतकी वर्षं एकत्र काढली की डेपोत एकाला रजा मिळाली तर लोक दुसऱ्याला विचारायचे, तू काहून आला? तो काळ साधारण नव्वदच्या पुढचा. आमचा हिंगोली जिल्हा तेव्हा अजून परभणीतच होता, आणि गावोगाव पिवळ्या पाट्यांचे फोनबूथ नुकते उघडले होते. त्या फोनबूथनं माझ्या डोक्याला जो ताप दिला तो इंजिननंसुद्धा दिला नसेल.

खिल्लारे अंगानं काडी, पण खाकी कपड्यांची इस्त्री कधी मोडलेली नाही. बगलेत तिकिटांचा ट्रे, ट्रेच्या रबरात अडकवलेली वर्तमानपत्राची कात्रणं. विधानसभेत कुठलं विधेयक आलं, कुणी मांडलं, कुठं अडलं, हे सगळं त्या कात्रणांत. बाकीचे कंडक्टर सिनेमाच्या गोष्टी सांगायचे, हा विधेयकांच्या सांगायचा. अधिवेशन सुरू झालं की सकाळच्या बातम्यांना त्याचा छोटा रेडिओ कानाला लागलेला, आणि त्या वेळी गाडीत कुणी खोकलं तरी हा हात वर करायचा, "शांतता राखा, कामकाज चालू हाये!"

सांगण्याची त्याची तऱ्हाही यष्टीचीच. एकदा औंढ्याच्या स्टँडवर इंजिन चालू, लोक घामाघूम, आणि हा दारात उभा राहून खालच्या एका माणसाला समजावतोय, "ह्ये बघ, खालच्या सभागृहात पास झालं. वरच्या सभागृहात अडकलं. म्हंजे आपली गाडी औंढ्यापर्यंत आली, पर जवळ्याला गेली न्हाई. आलं ध्यानात?"

"आलं. पर मला कुठं जायचंच न्हाई. मी पोरीला सोडायला आलतो."

"मंग काय झालं? आमदार तर तुझा बी हाये ना!"

विधेयक समजावून झाल्याशिवाय डबल बेल नाही, आणि डबल बेल मिळाल्याशिवाय मला गाडी हलवता येत नाही. उशीर झाला की साहेबांसमोर उभा कोण राहणार? राठोड!

त्याचं एक पेटंट वाक्य होतं, "कळवलं का?" कुणी काही रडगाणं लावलं, की हा मान तिरकी करून विचारायचा, "आमदाराला कळवलं का?" नळाला पाणी नाही, कळवलं का? मास्तर शाळेत येत नाही, कळवलं का? एकदा माझ्या घरी जेवायला आला तेव्हा आमची बाई सहज बोलून गेली, औंदा मिरची लईच महाग झाली. हा घास हातात धरून म्हणाला, "वहिनी, कळवलं का?"

"तुमीच कळवा भावजी," ती म्हणाली, "खाऊन तर तुमीच राहिले."

गाडीतसुद्धा याचं विधिमंडळच. एकदा एका माणसानं शेळी आत आणली. ती आत राहावी की टपावर जावी यावर खिल्लारेनं रीतसर मतदान घेतलं. "होय म्हननाऱ्यांनी होय म्हना." अर्धी गाडी होय म्हणाली. "न्हाई म्हननाऱ्यांनी न्हाई म्हना." बाकीची अर्धी नाही म्हणाली. मग चर्चा. चर्चा इतकी रंगली की तेवढ्यात शेळीनं ट्रेमधलं ताजं कात्रण ओढून खाऊन टाकलं. गाडी हसून लोटपोट. खिल्लारे क्षणभर तिच्याकडं बघत राहिला आणि गंभीरपणे म्हणाला, "इधेयक फेरविचारासाठी परत गेलं."

आता आमदाराची गोष्ट. त्यांचं नाव सांगत नाही. माणूस आता नाही, आणि वाईट तर मुळीच नव्हता. सगळे त्यांना भाऊसाहेब म्हणत. कुणाच्या मयताला, कुणाच्या लग्नाला, कुणाला दवाखान्यात न्यायला, भाऊसाहेब हजर. पण विधानसभेत त्यांनी कधी तोंड उघडलं नाही. खिल्लारे रोज बातम्यांत त्यांचं नाव शोधायचा. बाजूच्या तालुक्याचा आमदार बोलला, पलीकडचा बोलला, आमचा नाही.

"मत देल्लं मी त्याला, राठोड," तो म्हणायचा. "माझं मत मुकं निघालं."

हे बोलताना त्याचा चेहरा असा पडायचा की माझी चेष्टा तोंडातच राहायची. त्याची एकच इच्छा होती. भाऊसाहेबांनी एकदा, फक्त एकदा, सभागृहात उठून आपल्याकडच्या माणसांसाठी बोलावं.

मग ते तोलाईचं विधेयक आलं. बाजारात माल मोजायचे पैसे शेतकऱ्याकडून कापायचे की व्यापाऱ्याकडून, असा त्यातला मुद्दा. आमच्या गाडीतला प्रत्येक माणूस जवळ्याला कापूस नाहीतर सोयाबीन घेऊन जाणारा. खिल्लारेच्या अंगात वारं शिरलं. त्यानं माझ्या सीटच्या मागं, 'धूम्रपान करू नये'च्या खाली, खडूनं भाऊसाहेबांच्या घरचा फोन नंबर लिहिला आणि तिकिटागणिक सांगू लागला, "उतरल्याबराबर फोन लावा. म्हना, तोलाईवर बोला."

लोकांनी लावले की! पण तोलाईवर बोलायचं ध्यानात कुणाच्या राहतंय? एकानं पोराच्या नोकरीचं विचारलं. डोंगरकड्याच्या एका म्हातारीनं हरवलेल्या म्हशीचं वर्णन सांगितलं, शिंगांसकट. आणि एक जण नुसताच म्हणाला, "काई न्हाई सायेब, फोन लागतो का बघितलं."

आठवडाभरात औंढ्याच्या स्टँडवर पांढरी जीप आडवी येऊन थांबली. भाऊसाहेब उतरले, लालबुंद. "खिल्लारे कोन हाये?"

त्यांच्या एका चिठ्ठीत आमची दोघांचीही बदली होऊ शकत होती, तीही चंद्रपूर-गडचिरोलीकडं.

"घरचा फोन दिसभर वाजून राहिला!" भाऊसाहेब गरजले. "बायकोला माहेरी फोन लावता येईना! ही काय तकलीफ लावली तुमी?"

खिल्लारेनं खाली उडी मारली, हात जोडले आणि असा काही हसला की जणू व्याहीच दारात आला. "या, या भाऊसाहेब! जागा धरून ठेवली तुमच्यासाठी. कव्हाची!"

सगळी गाडी खिडक्यांतून बघत होती. आमदार माणूस, नाही कसा म्हणणार? भाऊसाहेब चढले आणि त्या राखीव सीटवर बसले. खिल्लारेनं लगेच डबल बेल दिली. आयुष्यात एकदाच वेळेवर. जवळ्यापर्यंत आमची गाडी पुढं आणि आमदाराची मोकळी जीप मागं, असं आम्ही गेलो. वाटेत लोकांनी भाऊसाहेबांना घेरलं. कुणी पाण्याची बाटली दिली, कुणी शेंगा दिल्या, आणि प्रत्येकानं आपापल्या मालाचं गाऱ्हाणं सांगितलं. म्हैसवाली म्हातारीही नेमकी गाडीत होती. भाऊसाहेबांचा राग कुठल्या कुठं गेला. उतरताना ते खिल्लारेच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "बोलतो. येत्या अधिवेशनात बोलतो."

त्या दिवशी खिल्लारेनं डेपोभर पेढे वाटले.

अधिवेशन आलं. विधेयक चर्चेला आलं. खिल्लारे रेडिओ उशाला घेऊन झोपू लागला. इकडचे बोलले, तिकडचे बोलले. विधेयकाचं जे व्हायचं ते झालं. भाऊसाहेबांचं नाव आलं नाही. खिल्लारे दोन दिवस तिकिटं फाडण्यापुरतं बोलला. त्याला असं गप्प बघून प्रवासीसुद्धा घाबरले. तिसऱ्या दिवशी त्यानं ओल्या फडक्यानं माझ्या सीटमागचा नंबर पुसला.

पुढच्या निवडणुकीत भाऊसाहेब पडले. तेव्हा आमचा जिल्हा वेगळा झालेला होता, नवीन माणसं आली होती. स्टँडवर बोलणं चालायचं की भाऊसाहेबांच्या दारात आता कुत्रंही थांबत नाही. माणसं मेली असलीच.

एका सुट्टीच्या दिवशी सकाळीच खिल्लारे माझ्या दारात. "राठोड, चल. आमदाराकडं जाऊ."

"आता कशाचा आमदार?"

"म्हनून तर जायचं."

मला वाटलं, हा आता जुना राग काढणार. पडलेल्या माणसाला बोलू नये, असं वाटेत मी त्याला बजावून सांगितलं. तो नुसता हूं हूं करत राहिला.

भाऊसाहेब ओसरीत बनियनवर बसले होते. पूर्वी पाहुण्यांसाठी असायच्या त्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या कोपऱ्यात एकात एक घालून ठेवलेल्या. आम्हाला बघून ते इतके गडबडले की स्वतःच खुर्ची काढायला उठले. चहा सांगितला. मग खाली बघून म्हणाले, "खिल्लारे, तुला शब्द देल्ला होता. राग असंल तुझा."

"राग न्हाई. काहून बोलले न्हाई तेवढं सांगा."

भाऊसाहेबांनी एकदा आत, स्वयंपाकघराकडं बघून घेतलं. मग म्हणाले, "माझं नाव पुकारलं होतं. उठलो बी. समोर समदे फडाफडा बोलनारे, पुण्या-मुंबईकडचे. मनात म्हनलं, आपन तोंड उघडलं, 'काहून' म्हनलं, 'न्हाई' म्हनलं, तर हसतीन. पानी पेलो आन खाली बसलो. दरखेपी असंच. घरच्यांना बी सांगितलं न्हाई कव्हा."

मी खिल्लारेकडं बघितलं. आता हा काय म्हणतो? तो खुर्चीतून उठला, शर्ट नीट केला आणि म्हणाला, "भाऊसाहेब, उठा."

"आँ?"

"उठा. तोलाईचं इधेयक चर्चेला हाये. राठोड अध्यक्ष. मी समोरच्या बाकावर. बोला, इथं कुनी हसत न्हाई."

भाऊसाहेब कसंनुसं हसले. नको नको म्हणाले. खिल्लारे हटेना. शेवटी त्यांनी खांब धरला आणि उभे राहिले. माझ्याकडं बघून, खरोखर माझ्याकडं बघून, म्हणाले, "अध्यक्ष महाराज." खांब तसाच धरून पुन्हा म्हणाले, "अध्यक्ष महाराज, माझ्याकडली बाई चार कोसावून सोयाबीनचं गाठोडं घेऊन येती. काटा व्यापाऱ्याचा, मोजनारा मानूस व्यापाऱ्याचा. मंग मोजायचा पैसा तिनं काहून द्यायचा?"

आणि मग ते जे बोलत सुटले! त्या गाडीत लोकांनी सांगितलेलं एकूण एक त्यांना आठवत होतं. माणसांची नावं, गावं, कुणाचा किती माल कसा नाकारला, सगळं. त्यांची बायको चहाचा ट्रे घेऊन दारात आली आणि तिथंच थांबली. तिनं नवऱ्याला असं बोलताना कधी ऐकलं नव्हतं, ते तिच्या तोंडावर दिसत होतं. भाऊसाहेब थांबले तेव्हा खिल्लारेनं खुर्चीचा हात दणादणा वाजवला, सभागृहात बाकं वाजवतात तसा. त्याचे डोळे भरून आले होते. माझेही आले, लपवू कशाला?

परत जाताना फाट्यावर गाडीची वाट बघत आम्ही लिंबाखाली बसलो. मी म्हटलं, "खिल्लारे, आता त्याला बोलवून काय भेटलं तुला? कायदा तर कव्हाच झाला."

तो काडीनं माती उकरत होता. मग म्हणाला, "शांता गेली ना माझी."

शांता म्हणजे त्याची बायको. आमची जोडी जमायच्या आधीच ती गेली, एवढंच मला माहीत होतं. तिच्याबद्दल त्यानं कधी अवाक्षर काढलं नव्हतं, आणि मीही कधी विचारलं नव्हतं.

"दवाखान्यात होती," तो म्हणाला. "तिला काईतरी सांगायचं होतं. सारखी म्हनायची, जरा बसा. मी म्हनलं, फेरी मारून येतो, मंग सांग निवांत. आलो तर वाचा गेली होती. नुसती बघत राहिली माझ्याकडं. काय सांगायचं होतं, आजवर कळलं न्हाई, राठोड. मानसानं बोलायचं राहून जाऊ नये रे. कुनाचंच."

मी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"कशी होती रे शांता?" मी विचारलं.

तेवढ्यात आमच्याच डेपोची गाडी आली. कंडक्टरनं आम्हाला ओळखून दार उघडलं, जागाही होती. मी त्याला हातानंच पुढं जा म्हणून सांगितलं. खिल्लारेला गाडी आली हेही समजलं नाही. तो शांता भाकरी थापताना कशी एकटीच गुणगुणायची, ते सांगत होता.