सोमलाकाकांचं मत

सोमलाकाकांच्या डोक्यावर औषधालाही केस नाही, पण शांपूबद्दलचं त्यांचं मत चार-पाच कंपन्यांच्या दफ्तरी नोंदलेलं आहे.

खेड्यातली बाजारपेठ वाढते आहे म्हणे. ती नेमकी कुठून वाढते हे बघायला कंपन्या पोरंपोरी पाठवतात. हातात टॅब घेऊन ती फुलसावंगीच्या रस्त्यावर आमच्या बंजारा तांड्याच्या फाट्यावर उतरतात. फाट्यावर माझं किराणा दुकान. मी गिऱ्हाइकात असतो, म्हणून समोर बोट दाखवतो. तिथं कडुनिंबाखाली, आपल्या घराच्या दारात, सोमला राठोड बसलेले असतात. तांड्यात कुणालाही विचारा, उत्तर एकच, "आमाले काय समजते? काकाले इचारा."

त्यामुळे कंपनी कुठलीही असो, आमच्या तांड्याची मागणी म्हणजे सत्तरीचा एकच म्हातारा. फॉर्मला दहा माणसं लागली तर काका दहा वेळा बसत. एकदा तर बावीस वर्षांची गृहिणी म्हणूनही बसले आणि बाळाच्या पावडरीबद्दल नाराजी नोंदवली.

काकांचं उत्तर ठरलेलं. "घेईन. काहून नाई घेणार?" मोटरसायकल घेईन. फ्रीज घेईन. विमा? दोन घेईन!

मी वैतागायचो. "काका, घरात लाइन राहत नाई, फ्रीज कायले पायजे?"

"अबे, पोट्टी उन्हाची आली. तिले नाई म्हणून रिकामी पाठवू का? आमचे बापजादे बैलाच्या पाठीवर मीठ लादून मुलूख फिरले. बजार तू शिकवतं का मले?"

काकांच्या शब्दावर फ्रीजवाल्यांनी खरंच एक सजवलेली गाडी पाठवली. संध्याकाळपर्यंत गाणी वाजली. लोक रांग लावून थंड पाणी प्याले आणि घरी गेले.

मागच्या पावसाळ्यात मात्र दुधाच्या कंपनीचा माणूस आला आणि काका ताठ बसले. तांड्यात दूध संकलन केंद्र काढायचं की नाही, हे तो ठरवणार होता. काकांचा मुलगा आणि सून सुमन दरवर्षी दसरा झाला की ऊसतोडीला जातात, नातीची शाळा सोडवून तिलाही नेतात. त्या वर्षी सुमननं माहेराहून म्हैस आणली होती. दूध दारात विकलं गेलं तर आम्ही जात नाही, असं तिनं काकांना सांगितलं होतं.

काकांनी हात जोडले. "साहेब, मले नोका इचारू. मी सगळ्यायले हाव म्हणतो. घरोघर चला."

आणि चिखल तुडवत त्यांनी त्या माणसाला दारोदार फिरवलं. अख्ख्या तांड्यात म्हशी निघाल्या चार. बाकीच्यांकडे चहापुरतं दूध. माणूस भला होता, चहा घेऊन "कळवतो" म्हणाला. कळवलं नाही. केंद्र पलीकडच्या गावाला गेलं. तिथल्या पुढाऱ्यानं बसल्या जागी शंभर म्हशी सांगितल्या होत्या. आता केंद्र झालं म्हणून लोक तिथं खरंच म्हशी घेऊ लागलेत.

मी चिडलो. "जन्मभर हाव म्हटलं, आन् जिथं म्हणाचं तिथंच खरं बोलले?"

"दुधात पाणी टाकता येते बाबू, म्हशीत नाई टाकता येत," काका म्हणाले. पण हसले नाहीत.

दसऱ्यानंतर मुकादमाचा ट्रक आला. सुमननं म्हैस विकली. नात गाठोड्यावर बसून गेली, दप्तर मांडीवर घेऊन. काका घरी एकटे राहिले.

महिन्याभरानं एक पोरगी कुकरचा सर्व्हे घेऊन आली. मी काकांच्या शेजारच्या घरी साखर द्यायला निघालो होतो, म्हणून ऐकलं. कुकर घेईन, तीन लिटरचा घेईन, पाचचाही घेईन. दहा मिनिटांत फॉर्म संपला.

"अजून इचार ना, बाई. कुकरचं झालं, तं शेगडीचं इचार."

"संपले काका प्रश्न."

"तेलाचं इचार. साबणाचं इचार. काईबी इचार."

पोरगी उठता उठता थांबली. तिनं उघड्या दारातून आत पाहिलं, टॅब पिशवीत टाकला आणि खाली बसत म्हणाली, "काका, तुम्ही जेवले का?"

काकांनी तिच्याकडे पाहिलं.

"आजचं इचारून राह्यली का कालचं?"

माझ्या हातातली साखरेची पुडी तशीच राहिली. महिनाभर मी रोज समोरून ओरडून विचारत होतो, "काका, बरं हाये ना?" ते "हाव" म्हणायचे, आणि मी ते खरं धरत होतो.