चौदा पायऱ्यांचं अपग्रेड

शनिवारी दुपारी जेवण झाल्यावर मी एक छोटासा निर्णय घेतला. आमचं कॅलेंडर अपग्रेड करायचं. भिंतीवरचं नव्हे, लॅपटॉपमधलं.

माझी बायको घरीच लोकांचे केस कापते. पुढच्या खोलीत एक मोठा आरसा, एक बेसिन आणि एक फिरती खुर्ची आहे. मागच्या खोलीत आम्ही दोघं राहतो. मी पाण्याचे पंप दुरुस्त करतो. पंपांशी माझं छान जमतं, कारण पंप बोलत नाहीत. माणसांशी बोलायचं म्हटलं की माझी जीभ टाळ्याला चिकटते. पूर्वी बायकोचे हात ओले असले की फोन मला घ्यावा लागे. कुणी "पाचला येऊ का?" विचारलं की मी "हो" म्हणायचो. दुसऱ्यानं विचारलं तरी "हो". (नाही म्हटलं की कारण द्यावं लागतं, आणि कारण म्हणजे पुन्हा बोलणं.) एकदा पाच वाजता चार जण एकदम आले, तेव्हापासून मला फोनबंदी झाली.

मग मी एक जुना लॅपटॉप मिळवला, त्यावर एक फुकटचं कॅलेंडर बसवलं आणि ते इंटरनेटवर उघडं केलं. ज्याला यायचंय त्यानं आपली वेळ आपणच निवडायची, मला कुणाशी बोलायला नको. मी शाळा नववीत सोडली, पण सूचनांचा कागद समोर असेल तर मी काहीही जोडू शकतो. दोन वर्षं तो लॅपटॉप कपाटाच्या वरच्या फळीवर बसून निमूटपणे काम करत होता. गेल्या आठवड्यापासून मात्र त्यावर लाल पट्टी यायला लागली: ही आवृत्ती जुनी झाली, सुरक्षित नाही, ताबडतोब बदला.

"सोमवारी बदल ना," बायको म्हणाली. "सोमवारी आपल्याला सुट्टी असते. उद्या दहाला नवरी यायचीय माझी."

ही नवरी म्हणजे साधी गोष्ट नव्हती. आजवर बायकोनं केस कापले होते, रंगवले होते, पण लग्नाचा अंबाडा घालायचं काम पहिल्यांदाच मिळालं होतं. नवरीच्या आईला पसंत पडलं तर त्यांच्या गोतावळ्यातली पुढची लग्नं मिळणार होती. बिघडलं तर तीच बातमी त्याच गोतावळ्यात फिरणार होती. बायको दोन आठवडे सराव करत होती. (सराव माझ्या डोक्यावर चालायचा. मी केस वाढवून ठेवले होते, आणि परवा एक पिन तशीच राहिली तरी मला पंपाच्या दुकानात दिवसभर कुणी काही सांगितलं नाही, नुसते बघत होते.)

"लिहिलंय ना ताबडतोब म्हणून," मी म्हटलं. "आणि मी खऱ्या कॅलेंडरला हातच लावणार नाही. आधी त्याची हुबेहूब नक्कल करायची, अपग्रेड नकलेवर करून बघायचं. सुरक्षित पद्धत तीच आहे."

"माझ्या नवरीला हात लावशील तर बघ."

"शपथ!"

सूचनांच्या चौदा पायऱ्या होत्या. त्या मी कागदावर उतरवून घेतल्या आणि एकेक झाली की खूण करत गेलो. बॅकअप घेतला. बॅकअपचा बॅकअप घेतला. नक्कल तयार केली. नववी पायरी अशी होती: 'तुमचं कॅलेंडर लोकांना मेल पाठवत असेल, तर नकलेतली मेल बंद करा.' आमचं कॅलेंडर मेल पाठवत नव्हतं. दोन वर्षांपूर्वी मी ती सोय जोडायचा फार प्रयत्न केला होता, पत्ता भरला, पासवर्ड भरला, पण एकही मेल कधी गेला नाही. तेव्हा नवव्या पायरीपुढे मी 'लागू नाही' असं सुवाच्य अक्षरात लिहिलं.

नकलेवर नवी आवृत्ती चढली. आता ती तपासायची होती. एका वेळी किती माणसं मावतात ते बघावं म्हणून मी नवरी सोडून नकलेतली बाकीची चौदाच्या चौदा गिऱ्हाइकं उचलली आणि रविवारी सकाळी नऊ वाजता ठेवली. सगळी मावली. खऱ्यात आणि सरावात आपली गल्लत होऊ नये, म्हणून प्रत्येकाच्या नावापुढे 'काम' या चौकटीत मी मुद्दाम अशक्य कामं लिहिली. कॅशियरकाकांच्या डोक्यावर मोजून सात केस आहेत, त्यांच्यापुढे लिहिलं 'दोन वेण्या'. शाळेतून निवृत्त झालेल्या बाई येतात, त्यांच्यापुढे 'दाढी आणि मिशांना टोक'. आणि सासूबाईंच्या नावापुढे (त्याही दर महिन्याला येतात) 'पूर्ण टक्कल'. एकटाच बसून मी बराच वेळ हसलो. मग लॅपटॉप फळीवर ठेवला आणि समाधानानं चहा केला.

रविवारी पावणेनऊला बेल वाजली. दारात कॅशियरकाका.

"आलो बुवा," काका म्हणाले. "पण दोन कशाला? एकीपुरतं तरी भांडवल आहे का बघा."

काकांनी फोन माझ्या डोळ्यांसमोर धरला. 'आपली वेळ: रविवार, सकाळी ९. काम: दोन वेण्या. कृपया वेळेवर यावे.'

जुन्या आवृत्तीत मेल का जात नव्हते, ते मला आजही माहीत नाही. नव्या आवृत्तीनं मात्र दोन वर्षांपूर्वी मी भरलेला पत्ता-पासवर्ड शोधून काढला आणि आल्या आल्या कामाला लागली. अपग्रेड शंभर टक्के यशस्वी झालं होतं.

नऊ वाजेपर्यंत जिन्यात अकरा माणसं उभी होती. (उरलेल्यांतले दोघे मेल वाचत नाहीत. देव त्यांचं भलं करो.) बायको हातात कंगवा घेऊन बाहेर आली, जिना बघितला, मग मला बघितलं.

"अहो," ती म्हणाली.

आम्ही एकमेकांना अरे-तुरे करतो. ती 'अहो' म्हणाली की मी चप्पल शोधायला लागतो.

"अगं, ती नक्कल होती. खऱ्या कॅलेंडरला मी बोटही लावलं नाही..."

"जिन्यात उभी आहेत ती माणसं पण नक्कल का?"

"नाही."

"तासाभरात माझी नवरी येईल. ती काय यांच्या खांद्यावरून वर येणार? मी खुर्ची सोडून हलणार नाही. तुम्ही बाहेर जा आणि सगळ्यांना सांगा."

"मी? काय सांगू?"

"जे केलंत ते."

एवढ्यात गर्दीतून वाट काढत सासूबाई वर आल्या. त्यांनी डोक्यावर स्कार्फ घट्ट बांधला होता.

"जावईबापू," त्या म्हणाल्या, "माझ्या केसांनी तुमचं काय वाकडं केलंय?"

मी काहीतरी पुटपुटलो. "बाहेर बोला, सगळ्यांनाच ऐकू दे," म्हणून त्या आत गेल्या आणि लेकीला पिना काढून द्यायला लागल्या.

मी जिन्यात आलो. अकरा माणसं वर बघत होती. मी म्हणालो, "म्हणजे, ते, काल दुपारी."

"मोठ्यानं!" बाई खालून म्हणाल्या. त्यांनी तीस वर्षं चौथीचा वर्ग सांभाळलाय. "आणि सरळ उभा राहा. हात खिशातून बाहेर!"

हात बाहेर आले. त्यांच्याबरोबर आवाजही आला. मी सगळं सांगून टाकलं: लाल पट्टी, नक्कल, नववी पायरी, 'लागू नाही'. मधेच कुणीतरी खुदकन हसलं. माझी गाडी दाढी-मिशांपर्यंत आली तेव्हा बाईंनी चष्मा काढून पुसला.

"म्हणजे ते तू लिहिलंस? आणि टोक काढायचं कसं, ते शिकलायस का तू?" त्या म्हणाल्या आणि अख्खा जिना हसत सुटला.

मग बाईंनीच सूत्रं हातात घेतली. "कागद आण. एकेकाला विचार, नवी वेळ लिही, आणि त्याला घरी जाऊ दे. भिंतीला धरून रांग करा रे सगळ्यांनी!"

ज्या कामापासून पळण्यासाठी मी एक अख्खं यंत्र उभं केलं होतं, ते काम मी त्या सकाळी अकरा वेळा केलं. "तुम्हाला कधी जमेल?" असं विचारलं की माणसं उत्तर देतात आणि निघून जातात, एवढंच असतं ते. सहाव्या माणसाला तर मी स्वतःहून "गुडघा कसा आहे?" असंही विचारलं. (गुडघा पाचव्याचा होता. पण सहाव्यालाही बरं वाटलं.)

पावणेदहाला नवरी आणि तिची आई आल्या तेव्हा जिन्यात चौघंच उरले होते. त्यांनी सरकून वाट दिली. काका म्हणाले, "जा पोरी, आत हात चांगला आहे. घोळ सगळा बाहेर आहे." बाईंनी नवरीच्या आईला दोन मिनिटं थांबवून तो घोळ मुद्देसूद समजावून सांगितला.

(खरं अपग्रेड मी सोमवारी केलं. नवव्या पायरीसकट. काहीही झालं नाही, त्यामुळे त्यात सांगण्यासारखं काही नाही.)

त्या रविवारी साडेअकराला मी कागद घेऊन मागच्या दारानं घरात आलो आणि पडद्याआड उभा राहिलो. खुर्ची हळूहळू फिरली. अंबाडा असा झाला होता की माझ्या डोक्यावर कधीच झाला नव्हता. नवरी आरशात मान वळवून वळवून बघत होती. बायको दोन्ही हात मागे धरून उभी होती.

नवरीच्या आईनं मागून बघितलं, दोन्ही बाजूंनी बघितलं, आणि डोळे टिपले.

"माझ्या दोन्ही भाच्यांची लग्नं तुझ्याकडेच," त्या म्हणाल्या.

पडद्याआड मी कागद छातीशी धरला. आज आपण दोघांनी मिळून हे करून दाखवलं, असं मला वाटलं.

"फक्त एक सांगते हं, राग मानू नकोस," नवरीच्या आई आवाज खाली आणून म्हणाल्या. "बाहेर जिन्यात तो मुलगा होता ना, कागद घेऊन? त्या बाईंनी सगळं सांगितलं मला. असला माणूस कामाला ठेवू नये गं. धंद्याची वाट लावेल."

"तो कामाला नाहीये," बायको म्हणाली. "नवरा आहे माझा."

मग नवरीच्या आईनं बायकोच्या पाठीवरून मायेनं हात फिरवला.

"असू दे," त्या म्हणाल्या. "केस फार सुंदर करतेस तू."